काळ्या रसाचा माका

माका हे ओल धरणाऱ्या जमिनीत उगवणारे, सूर्यफूल कुलातील लहान रोप आहे. कोरडवाहू रानात ते शोधून सापडत नाही. विहिरीच्या थारोळ्याजवळ, पाटाच्या कडेला, उसाच्या सरीत किंवा हापशाखाली साचणाऱ्या पाण्यापाशी मात्र ते न शोधताही दिसते. त्याचे खोड चुरगळले की हिरवा रस निघतो, काही मिनिटांत तो काळा पडतो आणि बोटांवर निळसर काळा डाग राहतो. साबणाने हा डाग सहज जात नाही. माक्याची ओळख, त्याची वेगवेगळ्या भाषांतली नावे, त्याचे बहुतेक घरगुती उपयोग आणि त्याच्याभोवतीचे गैरसमज या सगळ्यांची सुरुवात या एका डागापासून होते.

धाराशिव जिल्ह्यातील लोहारा तालुका हा बालाघाटच्या पठाराचा भाग. ओढ्याकाठी काळी भारी जमीन, वर माळावर मुरूम. पाऊस एकूण बेताचा आणि तोही लहरी. पाणकळ्यात सोयाबीन, तूर, उडीद, पुढे हरभरा आणि ज्वारी, आणि जिथे पाण्याची सोय आहे तिथे ऊस. अशा मुलखात माक्यासारख्या पाणीप्रेमी रोपाला फार जागा नाही असे वाटेल, पण जिथे ओल तिथे तो आहेच. तालुक्यातील माकणी येथे तेरणा नदीवर निम्न तेरणा प्रकल्पाचे धरण आहे. हिवाळा सरताना धरणांचे पाणी मागे हटते आणि गाळाची जमीन उघडी पडते, तिला गाळपेर म्हणतात. अशा ओल्या, उघड्या गाळावर माका हमखास उगवतो. माकणी आणि माका या नावांतले साम्य मनात येतेच, परंतु गावाच्या नावाची व्युत्पत्ती निव्वळ उच्चारावरून लावण्याचा मोह टाळलेला बरा.

गाळपेरीवर माका का येतो, याचे उत्तर त्याच्या बियांत आहे. माक्याचे बी रुजण्यासाठी उजेड लागतो. नांगरटीत खोल गाडले गेलेले बी पडून राहते. माती उलटली, बांध तासला, पाणी ओसरून गाळ उघडा पडला की वरच्या थरातले बी उन्हाला लागते आणि ओल असेल तर उगवते. म्हणूनच दोन वर्षे न दिसलेला माका पाट साफ केल्यानंतर पंधरवड्यात काठाने दाट उगवलेला दिसतो आणि तो कुठून आला याचे नवल केले जाते. तो कुठूनही आलेला नसतो, मातीतच असतो.

रोपाची उंची साधारण वीतभरापासून गुडघ्यापर्यंत, पाणी भरपूर मिळाले तर त्याहून अधिक. खोड गोल, बहुधा तांबूस किंवा जांभळट झाक असलेले. त्यावर अंगाला चिकटून दाबलेले पांढरे, ताठ केस असतात, त्यामुळे खालून वर बोट फिरवले तर गुळगुळीत लागते आणि उलट फिरवले तर खरखरीत. फांद्या कधी उभ्या वाढतात, कधी जमिनीवर पसरतात. पसरलेल्या फांदीचे पेर ओल्या मातीला टेकले की तिथेच मुळ्या फुटतात. उपटताना एक रोप समजून ओढावे आणि हातभर जाळे वर यावे, असा खुरपणाऱ्या बायांचा नेहमीचा अनुभव असतो. पाने समोरासमोर, जवळजवळ देठाविना, भाल्याच्या पात्यासारखी लांबट आणि टोकदार. कडांना बारीक, विरळ दाते. दोन्ही बाजूंना खरखरीत लव.

फूल म्हणून जे दिसते ते एक फूल नसते. सूर्यफूल, झेंडू, शेवंती, करडई या साऱ्या कुळाचे हे वैशिष्ट्य आहे: अनेक बारीक फुले एका बैठकीवर दाटीने बसतात आणि त्यांचा मिळून एक स्तबक होतो. माक्याचा स्तबक जेमतेम हरभऱ्याच्या दाण्याएवढा, पांढरा, पानाच्या बेचक्यातून एकटा किंवा जोडीने येणारा. जोडीतल्या दोन स्तबकांचे देठ बहुतेक वेळा सारख्या लांबीचे नसतात. कडेची किरणपुष्पके पांढरी, अगदी अरुंद, सुताच्या तुकड्यांसारखी, आणि ती फक्त स्त्रीलिंगी असतात. मधली बिंबपुष्पके नळीसारखी, पांढरट आणि द्विलिंगी. भिंगातून पाहिले तर त्यांच्यातले गडद परागकोश उठून दिसतात. फुले झडल्यावर उरते ते हिरवे, चपटे बटण. त्यात खेटून बसलेली बारीक, खडबडीत फळे पिकली की काळपट होतात आणि हात लावताच सुटतात.

या फळांना पिसे नसतात. सूर्यफूल कुलातील पुष्कळ वनस्पतींची फळे केसाळ छत्रीला लटकून वाऱ्यावर जातात. माक्याच्या फळावर त्या छत्रीच्या जागी दोन बारीक दात तेवढे उरलेले असतात, तेही नीट पाहिले तर. कार्ल लिनियसने या वनस्पतीला १७५३ मध्ये व्हर्बेसिना या प्रजातीत घातले होते. पुढे १७७१ मध्ये त्यानेच तिच्यासाठी एक्लिप्टा ही वेगळी प्रजाती केली. एक्लिप्टा हे नाव उणेपणा दाखवणाऱ्या ग्रीक शब्दावरून आले असून तो उणेपणा म्हणजे हीच न दिसणारी पिसे. आज मान्य असलेले शास्त्रीय नाव एक्लिप्टा प्रोस्ट्रेटा, म्हणजे भुईसरपट पसरणारी. जुन्या ग्रंथांत आणि औषधांच्या वेष्टनांवर अजून एक्लिप्टा अल्बा, म्हणजे पांढरी, असेही आढळते. दोन्ही नावे एकाच वनस्पतीची.

पिसे नसल्यामुळे माका वाऱ्यावर स्वार होत नाही. त्याचे बी पाटाच्या पाण्याबरोबर वाहते आणि बैलांच्या खुरांना, माणसांच्या पायांना, ट्रॅक्टरच्या चाकाला लागलेल्या चिखलातून एका शेतातून दुसऱ्या शेतात जाते. भात पिकवणाऱ्या देशांत तो म्हणूनच एक त्रासदायक तण गणला जातो. त्याचा मूळ प्रदेश कोणता यावर अभ्यासकांचे एकमत नाही. काहींच्या मते अमेरिका खंड, काहींच्या मते आशिया. आज तो उष्ण कटिबंधात सगळीकडे आहे. केरळात सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात डच अधिकारी व्हान ऱ्हीड याने सिद्ध केलेल्या ‘हॉर्टस मलबारिकस’ या बारा खंडांच्या ग्रंथात तो आलेला आहे, आणि माक्याचे भृंगराज हे नाव तर संस्कृत वैद्यकात त्या ग्रंथाच्याही कितीतरी शतके आधीपासून वापरात आहे.

मराठवाड्यातील वनस्पतींच्या नोंदींबाबत एक गोष्ट इथे सांगायला हवी. पश्चिम भारताच्या वनस्पतींवरचा पायाभूत ग्रंथ म्हणजे थिओडोर कुक यांचा, १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध झालेला मुंबई इलाख्याचा फ्लोरा. परंतु तेव्हा धाराशिव, लातूर, बीडसह सगळा मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. इलाख्याच्या हद्दीपाशी कुक यांचा ग्रंथ थांबतो. सोलापूरच्या बांधावरचा माका त्यात येऊ शकतो. काही कोसांवरच्या लोहाऱ्याचा माका, राजकीय सीमेपलीकडे असल्यामुळे, येत नाही. मराठवाड्याच्या वनस्पतींचा सविस्तर ग्रंथ व्ही. एन. नाईक यांनी लिहिला आणि तो १९९८ मध्ये दोन भागांत प्रसिद्ध झाला. रोपांना सरहद्दी नसतात, पण त्यांच्या नोंदींना असतात.

नावांचा प्रवास मात्र सरहद्दी ओलांडून झालेला दिसतो. संस्कृतातील मार्कव या नावाशी मराठी माका जोडला जातो. भृंगराज म्हणजे भुंग्यासारखा काळा करणारा, केशराज आणि केशरंजन ही नावे तर आपला अर्थ स्वतःच सांगतात. हिंदीत भांगरा, गुजरातीत भांगरो. लोहाऱ्यापासून कर्नाटकाची हद्द दूर नाही, आणि तिकडे याला गरुग म्हणतात. त्यातही एक नाव आहे काडिगे गरुग. कानडीत काडिगे म्हणजे काजळ. चिनी वैद्यकात हीच वनस्पती मो हान लियान या नावाने वापरली जाते आणि त्यातल्या पहिल्या अक्षराचा अर्थ शाई असा आहे. एकमेकांची भाषा न जाणणाऱ्या माणसांनी हे रोप चुरगळून पाहिले आणि सगळ्यांना पहिल्यांदा आठवला तो काळा रंग.

काजळ करण्याची जुनी रीत अशी. स्वच्छ, जुन्या धोतराची किंवा मलमलीची पट्टी माक्याच्या ताज्या रसात बुडवून सावलीत वाळवायची. असे तीन-चार वेळा केले की पट्टी काळी, कडक होते. तिची वात करून तुपाच्या दिव्यात लावायची आणि ज्योतीवर तांब्याचे किंवा पितळेचे ताट तिरके धरून काजळी जमवायची. ती खरवडून तुपात खलली की काजळ तयार. यातले तांत्रिक सत्य असे की ज्योतीवर जमणारी काजळी ही मुख्यतः तुपाच्या अपुऱ्या ज्वलनातून निघालेला कार्बन असते; माक्याचा त्यातील वाटा किती, हे वातीवरून सांगणे अवघड आहे. तान्ह्या बाळाच्या डोळ्यांत असे काजळ घालू नये, असे डॉक्टर बजावतात, आणि ते योग्यच आहे. बोटावरची घाण आणि काजळीतले कण डोळ्याला परवडत नाहीत.

गोंदणातही माका होता. मराठवाड्यातील वयस्कर बायांच्या कपाळावर, हनुवटीवर, मनगटावर अजून दिसणाऱ्या हिरवट निळ्या ठिपक्यांमागे सुया आणि काळा रंग आहेत. हा रंग दिव्याच्या काजळीचा. काही ठिकाणी टोचलेल्या जागेवर माक्याचा ताजा पाला चोळला जाई आणि त्याने निळसर काळा, न पुसणारा डाग येई. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईत राहून पश्चिम भारतातील औषधींवर लिहिणाऱ्या विल्यम डायमॉक यांच्यासारख्या लेखकांच्या काळात हा वापर सर्वपरिचित होता. आता गोंदणाची यंत्रे आणि बाटलीतले रंग आले आहेत. माका त्यातून बाहेर पडला.

धार्मिक आचारात त्याची जागा अजून शाबूत आहे आणि तिचे वेळापत्रक लक्ष देण्यासारखे आहे. भाद्रपदाच्या शुद्ध पक्षात गणपतीला वाहिल्या जाणाऱ्या एकवीस पत्रींत भृंगराज म्हणजे माका आहे. त्याच महिन्याच्या वद्य पक्षात, पितृपंधरवड्यात, श्राद्धाच्या पूजेला तुळशीबरोबर माक्याचा पाला लागतो. देवाला आणि पितरांना, दोघांनाही चालणाऱ्या वनस्पती थोड्या आहेत. या दोन्ही गरजा ज्या महिन्यात येतात त्या महिन्यात माका ऐन बहरात असतो, पाऊस झालेला असतो, बांध ओले असतात. शहरातल्या मंडईत या दिवसांत माक्याच्या लहान लहान जुड्या विकायला येतात. खेड्यात कोणीतरी पोर ‘माका आण जा’ म्हटल्यावर ओढ्याकडे जाते आणि अनेकदा एकदांडी घेऊन येते.

ही चूक समजण्यासारखी आहे. एकदांडी, जिला कंबरमोडी किंवा दगडी पाला असेही म्हणतात, हीसुद्धा सूर्यफूल कुलातलीच. शास्त्रीय नाव ट्रायडॅक्स प्रोकम्बेन्स. ती मूळची उष्णकटिबंधीय अमेरिकेतील, पण आज रस्त्याच्या कडेला, माळावर, शाळेच्या मैदानात जिथे तिथे उगवते. तिला ओल लागत नाही, उलट कोरडी, दगडी जागा तिला मानवते. तिचे फूल एका लांब, उघड्या दांड्यावर एकटे उभे असते, मध्ये पिवळे, कडेला तीन दात्यांच्या पाच-सहा फिकट पाकळ्या. फूल वाळले की पिसांचा पांढरा गोळा होतो आणि फुंकर मारली की उडतो. खरचटल्यावर शेतात बाया तिचाच पाला हातावर चोळून जखमेला लावतात. रस चोळला तरी माक्यासारखा काळा होत नाही. लांब दांडा, पिवळा मधला भाग किंवा उडणारी पिसे यांतले काहीही दिसले तर तो माका नव्हे, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

दुसरा गोंधळ पिवळ्या माक्याचा. वेडेलिया या नावाने ओळखल्या गेलेल्या या वनस्पतीला पिवळी फुले येतात आणि अनेक ठिकाणी, विशेषतः बंगालमध्ये आणि तमिळ प्रदेशात, तीही भृंगराजाच्या नावाने वापरली जाते. संस्कृत निघंटूंत फुलांच्या रंगावरून भृंगराजाचे भेद केलेले आहेत, त्यातला पीत भृंगराज तो हाच असे मानले जाते. बागांत जमीन झाकण्यासाठी लावलेली, चकचकीत पानांची, पिवळ्या फुलांची वेल ही तिची परदेशी बहीण असून औषधाच्या नावाखाली तीच खुडून तेलात घालणारे लोक आढळतात.

आयुर्वेदानुसार माका चवीला तिखट आणि कडू, गुणाने रूक्ष आणि हलका, वीर्याने उष्ण, कफ आणि वात कमी करणारा. केसांसाठी आणि त्वचेसाठी हितकर, यकृताच्या विकारांत उपयोगी आणि रसायन, म्हणजे शरीर सुस्थितीत ठेवणारा, अशी त्याची ख्याती आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात रसायन प्रकरणात महिनाभर रोज माक्याचा ताजा रस घेऊन केवळ दुधावर राहण्याचा प्रयोग सांगितला आहे. पथ्याचा भाग वगळून फक्त रस पिणाऱ्यांनी तो प्रयोग केला असे म्हणता येत नाही. नस्यासाठी वापरल्या जाणाऱ्या षड्बिंदू तेलात माक्याचा रस पडतो. केरळीय परंपरेतील नीलिभृंगादी तेलाच्या नावातच तो आहे. मराठीत आर्यभिषक् लिहिणारे शंकर दाजीशास्त्री पदे आणि औषधीसंग्रह लिहिणारे डॉ. वामन गणेश देसाई यांच्या पुस्तकांनी ही माहिती संस्कृत न जाणणाऱ्या घरांपर्यंत नेली. कपाटात आर्यभिषक् आणि परसात माका, अशी घरे दोन पिढ्यांपूर्वी मराठी मुलखात विरळ नव्हती.

लोहाऱ्याच्या भागात माका म्हटले की पहिल्यांदा तेल. ते करण्याची घरगुती रीत सोपी आहे, पण वेळ मागते. फुलावर आलेला माका मुळासकट उपटून तीन-चार पाण्यांतून धुवायचा, कारण त्याच्या लवेत चिखल अडकलेला असतो. पाणी निथळल्यावर पाट्यावर वाटायचा किंवा खलबत्त्यात कुटायचा. पाटा तोवर काळा झालेला असतो आणि वाटणारीचे हातही. फडक्यातून पिळून रस काढायचा. लोखंडी कढईत तिळाचे किंवा खोबऱ्याचे तेल घेऊन त्यात हा रस आणि थोडा वाटलेला चोथा घालून मंद आचेवर ठेवायचे. वैद्यकातील सामान्य नियम असा की चोथा एक भाग, तेल चार भाग आणि द्रव सोळा भाग. घरी एवढे मोजमाप कोणी करत नाही, पण तेलापेक्षा रस पुष्कळ जास्त घ्यायचा असतो, हे अनुभवी हातांना ठाऊक असते. 

सुरुवातीला कढई नुसती उकळते. पाणी आटत आले की आवाज बदलतो, तडतड सुरू होते. चोथा तळाशी बसू लागतो, तेव्हा उलथन्याने हलवत राहावे लागते, नाहीतर जळतो आणि तेलाला करपट वास लागतो. तेल तयार झाले का, हे ओळखण्याच्या शास्त्रोक्त खुणा कोणत्याही स्वयंपाकघरात पडताळता येतात. चोथा बोटांत घेऊन वळला तर त्याची वात व्हावी. ती वात विस्तवात टाकली तर तडतडू नये, कारण तडतड म्हणजे आत पाणी शिल्लक आहे. आणि तेलावर फेस यावा. तुपाच्या बाबतीत उलट असते, तिथे फेस विरावा लागतो. पाणी राहिलेले तेल काही दिवसांतच खवट होते. घरच्या तेलाबद्दलच्या निम्म्या तक्रारींचे कारण हेच असावे.

कढई लोखंडाचीच का, याचेही उत्तर आहे. संस्कृत वैद्यकातल्या केस रंगवण्याच्या लेपांत माक्याबरोबर त्रिफळा आणि लोहचूर्ण येते. हिरडा, बेहडा, आवळा यांत टॅनिन भरपूर असते. टॅनिन आणि लोह यांचा संयोग झाला की गडद निळा-काळा पदार्थ तयार होतो. लिहिण्याची जुनी शाई याच रसायनावर चालत असे. रात्रभर लोखंडी भांड्यात भिजवलेला आवळा सकाळी काळा दिसतो, तोही याचमुळे. लेपाने केस काळे झालेले दिसतात, ते खरेच, परंतु तो वरून चढलेला रंग असतो. केसाच्या मुळाशी रंगद्रव्य बनण्याची क्रिया वेगळी, आणि काळा रस लावला म्हणून ती पुन्हा सुरू होते असे मानायला आधार नाही. रस काळा म्हणून केस काळे करील, हा तर्क मनाला पटतो; जगभरच्या लोकवैद्यकात सारखेपणावरून औषध ठरवण्याची ही रीत आढळते.

केसांच्या वाढीबद्दल थोडे अधिक बोलता येते. मध्य प्रदेशातील सागर येथील औषधनिर्माणशास्त्राच्या संशोधकांनी २००८ मध्ये पांढऱ्या उंदरांवर, म्हणजे प्रयोगशाळेतील रॅटवर, केलेल्या प्रयोगांत माक्याच्या अर्काने केसांची वाढ लवकर सुरू झाल्याची नोंद केली. तुलनेसाठी मिनॉक्सिडिल हे प्रचलित औषध वापरले होते. हा निष्कर्ष उत्साह वाढवणारा आहे, पण उंदराच्या पाठीवरचे भादरलेले केस आणि पन्नाशीतल्या माणसाचे टक्कल यांत अंतर आहे. शिवाय प्रयोगात संहत अर्क होता. बाजारातील पुष्कळ तेलांत माका नावापुरता आणि खनिज तेल व सुगंध भरपूर, अशी स्थिती असते. वेष्टनावरचा घटकांचा तक्ता वाचला की ते कळते. डोक्याला तेल चोळण्याने येणारी झोप आणि शांतता ही मात्र खरी असते, आणि तिचे श्रेय माक्याइतकेच चोळणाऱ्या हाताला जाते.

माक्यातील सर्वांत अभ्यासलेला घटक वेडेलोलॅक्टोन. नाव पिवळ्या माक्यावरून पडले, कारण १९५६ मध्ये टी. आर. गोविंदाचारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची रचना ठरवली ती वेडेलियातून मिळालेल्या पदार्थावरून. पुढे तोच एक्लिप्टातही सापडला. यकृतावरच्या प्रयोगांत या घटकाची चर्चा वारंवार होते: प्राण्यांना यकृताला इजा करणारे रसायन देऊन सोबत माक्याचा अर्क दिला तर इजा कमी होते, असे अनेक प्रयोगांत दिसले आहे.

काविळीवर माका देण्याची प्रथा मराठवाड्यात जुनी आहे. ताज्या पाल्याचा रस ताकातून किंवा दुधातून, सकाळी उपाशीपोटी, ठरावीक दिवस. याला गुण येतो, असे शपथेवर सांगणारी माणसे गावोगाव भेटतात आणि ती खोटे बोलत नसतात. पण कावीळ हा एक आजार नसून लक्षण आहे. दूषित पाण्यातून पसरणारी, पावसाळ्यात गावात साथ आणणारी कावीळ बहुतेक रुग्णांत काही आठवड्यांत आपोआप ओसरते. त्या काळात जे औषध चालू असेल त्याला यश मिळते, मग तो माका असो, भुईआवळा असो की गळ्यातली माळ. पित्तनलिकेत खडा अडकल्याने झालेली कावीळ, हिपॅटायटिस बी, किंवा गर्भवतीला झालेली कावीळ यांत हा हिशोब चुकतो आणि उशीर जिवावर बेततो. रक्ततपासणी आधी, रस नंतर, एवढा क्रम पाळला तर माक्याचे काही बिघडत नाही.

सर्पदंशाबाबत हा इशारा आणखी कडक हवा. ब्राझीलमध्ये वॉल्टर मोर्स आणि सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून केलेल्या प्रयोगांत माक्याच्या अर्काने आणि वेडेलोलॅक्टोनने दक्षिण अमेरिकेतील खुळखुळ्या सापाच्या विषाचे परिणाम प्रयोगशाळेतील प्राण्यांत कमी झाले. ही बातमी भारतात ‘माका सापाच्या विषावर चालतो’ एवढ्याच रूपात फिरते. आपल्या शेतात चावतात ते नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. त्यांच्यावर उपाय एकच, रुग्णालयात मिळणारी प्रतिविषाची लस, जी या चौघांच्या विषावर मिळून चालते. पाला वाटत बसलेला अर्धा तास हा गमावलेला अर्धा तास असतो.

त्वचेवरचा वापर कमी धोक्याचा आणि बहुधा अधिक उपयोगाचा. उसाला पाणी देणाऱ्यांच्या पायांच्या बोटांत चिखल्या होतात, त्यांवर माक्याचा वाटलेला पाला लावतात. चीनमध्येही भातखाचरांत उतरण्यापूर्वी मजूर हातापायांना याचाच रस चोळत असत, पाण्यातल्या कामाने होणारी खाज टाळण्यासाठी. जे रोप त्याच चिखलात उगवते तेच त्या चिखलाच्या दुखण्यावर वापरले जावे, यात योगायोगापेक्षा सोयीचा भाग मोठा आहे: औषध पायाशीच असते. तान्ह्या मुलांच्या सर्दीवर दोन थेंब माक्याचा रस आठ थेंब मधात घालून चाटवण्याचा जुना उपाय मात्र आता सोडून द्यावा. वर्षाच्या आतील बाळाला मध देऊ नये, कारण त्यातील जंतूंच्या बीजाणूंमुळे क्वचित पण गंभीर विषबाधा होऊ शकते.

माका कुठून घ्यावा, हा प्रश्न पूर्वी नव्हता, आता आहे. सगळ्यांत तजेलदार माका हल्ली गावाबाहेरच्या गटारीच्या काठी दिसतो, कारण बारमाही ओल तिथेच असते. सांडपाण्यातले जंतू आणि जड धातू अशा रोपांत उतरू शकतात. तेलासाठी तो कढतो तरी. पोटात घेण्याचा रस कच्चाच असतो. शेतातल्या माक्यावर तणनाशकाची फवारणी झालेली असण्याचा संभव असतो. सोयाबीनमध्ये खुरप्याची जागा फवारणी पंपाने घेतल्यावर बांधापर्यंतचे सगळेच पिवळे पडते. ठिबकावर गेलेल्या उसात पाट राहत नाहीत आणि पाटांबरोबर त्यांचा काठही जातो. ज्या ओलीवर माका जगत आला ती सांडणाऱ्या, पाझरणाऱ्या पाण्याची ओल होती; पाणी वाचवण्याच्या योग्य खटपटीत तिला जागा उरत नाही.

घरापुरता माका लावणे मात्र अवघड नाही. नळाच्या किंवा मोरीच्या स्वच्छ पाण्याच्या निचऱ्यापाशी, किंवा पसरट कुंडीत, बी माती न लोटता वरच पसरावे, कारण त्याला उजेड हवा. पेरे असलेली फांदी ओल्या मातीत खोचली तरी रुजते. माती सुकू दिली नाही तर फुलावर आल्यावर जमिनीपासून चार बोटे ठेवून कापणी करता येते आणि रोप पुन्हा फुटते. सुकवायचा असेल तर सावलीत, पातळ पसरून. ढीग केला तर आतून तापतो आणि बुरशी धरते. वाळताना त्याचा हिरवा रंग टिकत नाही. देठ आणि पाने काळपट होतात. विकत घेतलेली पूड हिरवीगार असेल तर ती माक्याचीच आहे का, हे विचारून घ्यावे.